पिकअपला जादा दिवे लावण्याआधी भरलेल्या गाडीचा कल तपासावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातील एका चालक-मालकांकडे काही वर्षे वापरलेली, एच-फोर हॅलोजन बल्बची बोलेरो पिकअप आहे. बेळगावच्या बाजारातून भाजी भरून ते मध्यरात्रीनंतर निघतात, जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाटातून म्हापशाला पोहोचतात आणि दुपारी रिकाम्या गाडीने परततात. हेडलाइट अपुरा पडतो, पावसाळ्यात धुक्यामुळे रस्त्याची कड दिसत नाही आणि जंगलपट्ट्यात गवे अचानक आडवे येतात, म्हणून टपावर चार एलईडी फोकस बसवण्याचा त्यांचा विचार आहे. किती वॉटचे घ्यावेत, वायरिंग आणि बॅटरी टिकेल का, आणि पोलीस अडवतील का, असे त्यांनी विचारले आहे.

बेळगाव परिसरातील मालवाहू गाड्यांच्या वायरिंगचे काम मी दीर्घकाळ करत आलो आहे आणि हाच प्रश्न थोड्याफार फरकाने निपाणी, संकेश्वर, चंदगड अशा सगळ्या बाजूंनी येतो. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. टपावर दिवे लावू नका. चार घेऊ नका. आणि दोन घेण्याआधीही तुमच्या गाडीचा आहे तो उजेड कुठे जातो, हे माल भरलेल्या अवस्थेत एकदा भिंतीवर पाहा. पिकअपच्या दिव्यांबाबतच्या बऱ्याचशा तक्रारी उजेड कमी असल्याच्या नसतात. उजेड भलतीकडे पडत असल्याच्या असतात. यातील काही गोष्टी तुमच्या गाडीचे मॉडेल, हौद्याखालच्या पाट्यांची (स्प्रिंगच्या पट्ट्यांची) अवस्था आणि तुम्ही भरता त्या वजनावर अवलंबून आहेत. त्या तुम्हालाच मोजाव्या लागतील. कशा मोजायच्या ते पुढे सांगतो.

सुरुवात हेडलाइटपासून करू. एच-फोर बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, म्हणजे अप्परला दोन्ही बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. ज्या गाड्यांत हा सगळा प्रवाह स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातो, तिथे काही वर्षांत स्विचचे संपर्क काळे पडतात, होल्डरच्या पिना सैल होतात, अर्थिंगच्या बोल्टखाली गंज धरतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, गळतो. हॅलोजन बल्बचा उजेड दाबाच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. तो साधारण ३.४ व्या घाताने कमी होतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ व्होल्ट असतील आणि बल्बच्या पिनांवर १२.२ व्होल्टच पोहोचत असतील, तर सुमारे एक तृतीयांश उजेड वाटेतच हरवला. हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवा, अप्पर लावा, आधी बॅटरीवर मोजा, मग बल्ब जोडलेला असतानाच होल्डरच्या मागच्या बाजूने मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक आहे. एक व्होल्टच्या पुढे असेल तर जाड वायर, रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह जोडणारा स्विच) आणि नव्या होल्डरचा संच बसवून घ्या. नव्या दिव्यांच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे, आणि माझ्याकडे आलेल्या कित्येक चालकांनी एवढे झाल्यावर जादा दिव्यांचा विचारच सोडून दिला.

याच टप्प्यावर रिफ्लेक्टरची चांदी पाहा. ती पिवळी किंवा धुरकट झाली असेल तर कोणताही बल्ब उपयोगाचा नाही. दिव्याचा पूर्ण खोका बदलावा लागतो. आणि कृपा करून हॅलोजनच्या खोक्यात एलईडी बल्ब घालू नका. एच-फोरच्या डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक लहानशी वाटी असते आणि तार व वाटी यांच्या नेमक्या जागेवर रिफ्लेक्टरचे सगळे गणित बेतलेले असते. एलईडी बल्बमधील चकत्या बहुधा त्या जागेवर बसत नाहीत. भिंतीवर उजेड भरपूर दिसतो, पण कटऑफ (झोताची वरची कापलेली कड) पुसट होतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमचा स्वतःचा लांबचा पल्लाही घटतो. परदेशी बनावटीचा आख्खा हेडलाइट मागवणार असाल तर तो डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठीचा आहे याची खात्री करा. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी केलेल्या दिव्यात डिप्परचा चढता कोपरा उजवीकडे असतो, आणि आपल्याकडे तो नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर पडतो.

आता किती लांबचे दिसायला हवे, ते पाहू. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर जाते. काहीतरी दिसले, मेंदूला पटले आणि पाय ब्रेकवर गेला, याला दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. ओल्या रस्त्यावर भरलेली पिकअप थांबायला आणखी ४० मीटर घेईल असे धरून चाला, म्हणजे एकूण ६५ मीटर झाले. ताशी ४० ला हेच अंतर ३४ मीटरच्या आसपास येते, आणि उतारावर ते वाढते. पिरनवाडी सोडल्यावर किणये, जांबोटी ते कणकुंबीपर्यंत जिथे सरळ पट्टे आहेत आणि वेग ५०-६० पर्यंत जातो, तिथे तुम्हाला १२० ते १५० मीटरवरची हालचाल दिसली पाहिजे. प्रत्यक्ष घाटात मात्र वेग ३०-४० असतो आणि वळणामुळे ५० मीटरच्या पलीकडे रस्ताच समोर नसतो. तिथे लांब मारा करणारा दिवा दरीपलीकडच्या झाडांवर उजेड पाडतो, आणि तुम्ही ज्या आतल्या कडेला वळणार आहात ती अंधारातच राहते.

म्हणून दिवा निवडताना वॉटकडे शेवटी पाहा आणि झोताच्या आकाराकडे आधी पाहा. बाजारात साधारण तीन जाती मिळतात. अरुंद, लांब पल्ल्याचा झोत, ज्याला स्पॉट म्हणतात. आडवा पसरलेला पण पुढेही बऱ्यापैकी जाणारा ड्रायव्हिंग झोत. आणि जमिनीलगत रुंद पसरणारा, वरून कापलेला फॉग झोत. फ्लड म्हणून विकल्या जाणाऱ्या चौकोनी पट्ट्या शेतातल्या ट्रॅक्टरसाठी किंवा हौद्यात माल चढवताना ठीक आहेत, रस्त्यासाठी त्या नाहीत. बॉनेटसमोरची १०-१५ मीटर जमीन त्या इतकी लख्ख उजळतात की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि लांबच्या अंधारातले आणखी कमी दिसू लागते. चालकाला वाटते की उजेड भरपूर आहे, पण गवा दिसायला उशीर होतो.

खोक्यावरचे वॉट आणि लुमेनचे मोठमोठे आकडे बाजूला ठेवा आणि कँडेला (झोताच्या तीव्रतेचे माप) किंवा एक लक्सचा (समोर पडणाऱ्या उजेडाचे माप) पल्ला दिला आहे का ते शोधा. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड साधारण पाव लक्स असतो. १०० मीटरवर एक लक्स पाडायला १०,००० कँडेला लागतात आणि २०० मीटरवर ४०,०००, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौपट लागतो. तुमच्या गरजेचे १५० मीटर धरले तर २२,५०० कँडेला होतात, आणि चांगल्या बनावटीची दोन दिव्यांची जोडी एवढे सहज देते. एक लक्समध्ये काहीतरी आहे एवढे दिसते, ते काय आहे हे ओळखायला जास्त उजेड लागतो, हे खरे. तरीही तुमच्या वेगाला हा हिशोब पुरेसा आहे. काचेवर वर्तुळातील ई हे अक्षर आणि त्याशेजारी एचआर असा छाप असेल तर तो प्रमाणित हॅलोजन ड्रायव्हिंग दिवा असतो. फॉगवर बी किंवा एफ-थ्री असा छाप असतो. ज्या दिव्यावर कसलाच छाप नाही, त्याचा झोत कुणी तपासलेला नाही असे समजा.

हॅलोजन की एलईडी, याबद्दल माझा आग्रह नाही. हॅलोजनची जोडी ११० वॉट घेते, बल्ब कोणत्याही गावात मिळतो आणि उजेडाचा पिवळसर रंग ओल्या रस्त्यावर डोळ्याला सुखावतो. एलईडीची जोडी ४०-६० वॉटमध्ये तेवढेच काम करते आणि खड्ड्यांचे हादरे सोसते, पण बिघडली की पूर्ण दिवाच बदलावा लागतो. स्वस्त एलईडीमुळे रेडिओत खरखर येते, ही तक्रारही मी वारंवार ऐकली आहे. एलईडी घेतलीत तर ४,३०० ते ५,००० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगछटेचे माप) दरम्यानची घ्या. ६,५०० ची निळसर छटा दुकानात दिमाखदार दिसते, पण पावसात तीच डोळ्यांवर येते. पाण्यापासूनच्या संरक्षणासाठी किमान आयपी ६७ पाहा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारा दिवा. घाटातल्या पावसाला आणि सर्व्हिसिंगच्या फवाऱ्याला यापेक्षा कमी चालत नाही.

धुक्यासाठी हे दिवे नाहीत, ही गोष्ट वेगळी लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात दोन्ही एकत्र झाले आहे. कणकुंबी ते चोर्ला या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. तिथे दिवा जितका उंच आणि जितका प्रखर, तितकी पांढरी भिंत डोळ्यासमोर उभी राहते, कारण थेंबांवरून परतलेला उजेड चालकाच्या नजरेच्या रेषेतूनच येतो. म्हणून फॉग दिवा शक्य तितका खाली, बंपरच्या खालच्या कडेला, नजरेपासून दूर हवा आणि त्याचा झोत वरून स्वच्छ कापलेला हवा. पिवळा रंग धुके भेदतो असे सर्रास सांगितले जाते. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे ते सगळ्या रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळ्याचा फायदा एवढाच की त्यात निळा भाग कमी असल्यामुळे परतणारा उजेड डोळ्यांना कमी झोंबतो. तेवढा फायदाही घेण्यासारखा आहे, आणि मी स्वतः घाटातल्या गाड्यांना पिवळेच फॉग लावतो. पण उंची आणि कटऑफ चुकले तर रंग काही वाचवणार नाही.

५० सेंटिमीटर उंचीवरचा आणि २ टक्के, म्हणजे १०० मीटरला २ मीटर, खाली झुकवलेला फॉग दिवा २५ मीटरवर जमिनीला टेकतो. ओल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला भरलेली गाडी थांबायला साधारण २२ मीटर लागतात. म्हणजे धुक्यात फॉग लावून ३० चा वेग, हा हिशोब जेमतेम जुळतो. त्याहून जोरात जाता यावे म्हणून कोणताही दिवा मदत करणार नाही.

गव्यांबद्दल एक निरीक्षण सांगतो. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या रस्त्यांवर गवा उभा असेल तर त्याचे काळपट अंग उजेड गिळून टाकते आणि त्याने मान फिरवलेली असेल तर डोळेही चमकत नाहीत. पण त्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात. रस्त्याच्या दोन्ही कडांच्या गवतावर खालून आडवा पसरलेला झोत पडत असेल, तर आधी ते चार पांढरे ठिपके दिसतात आणि मग वरचा सगळा देह उमगतो. अरुंद स्पॉटमध्ये रस्त्याच्या मध्यावर आल्याशिवाय तो दिसतच नाही, आणि एक गवा पार झाला म्हणजे कळपातला तो शेवटचा होता असे कधीच धरू नये. म्हणून तुमच्यासाठी स्पॉट नको, रुंद ड्रायव्हिंग झोतच हवा, असे मी ठामपणे म्हणतो.

बसवण्याच्या जागेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. टपावरच्या दिव्याचा उजेड स्वतःच्याच बॉनेटवर आणि पावसाच्या धारांवर पडून काचेसमोर पडदा तयार होतो, उंचीमुळे समोरच्याला तो लांबूनच दिपवतो, आणि जंगलातल्या खाली आलेल्या फांद्यांनी तो फुटतो ते वेगळेच. बुलबार बसवून त्यावर दिवे लावण्याचा विचार असेल तर तोही सोडा. अनधिकृत बुलबार आणि क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत. बंपरच्या मागे चेसिसला जिथे बंपरचे बोल्ट येतात, तिथून किमान ४ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचा ब्रॅकेट पुढे काढा. नुसत्या बंपरच्या पत्र्याला भोक पाडून दिवा लावला तर तो थरथरतो आणि झोत नाचत राहतो. दिवा रेडिएटरच्या जाळीसमोर येऊ नये, नंबर प्लेट आणि इंडिकेटर झाकू नये. चोरीची भीती असेल तर साध्या नटाऐवजी टोपी तुटणारे नट मिळतात, ते वापरा.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळे लिहायला घेतले तिथे येतो. पिकअपचे मागचे पाटे माल पडला की दबतात, पुढचे टोक तेवढे दबत नाही, आणि गाडी नाक वर करते. किती, ते मोजू. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत ३ मीटर अंतर आहे आणि माल भरल्यावर हौद्याची बाजू ८ सेंटिमीटर खाली आली. पुढचा भाग जागच्या जागी राहिला असे धरले तर गाडीचा कल २.६ टक्क्यांहून जास्त वर झाला. वर्कशॉपमध्ये रिकाम्या गाडीवर डिप्पर नियमाप्रमाणे १ टक्का खाली बसवलेला असेल, तर भरल्यावर तोच डिप्पर दीड टक्क्याहून जास्त वर जातो. दिव्याची उंची ७५ सेंटिमीटर धरा. ३० मीटरवर त्याचा कटऑफ सव्वा मीटरला पोहोचतो, म्हणजे समोरच्या कारचालकाच्या डोळ्यांपर्यंत. ५० मीटरवर तो दीड मीटरच्या वर जातो आणि मोटरसायकलवाल्यालाही सोडत नाही. तुम्ही डिप्पर देऊनही समोरचा सारखा अप्पर-डिप्पर मारत असेल, तर त्याचे कारण हेच आहे. आणि तुमच्या बाजूने पाहिले तर जो उजेड रस्त्यावर पडायचा तो झाडांच्या बुंध्यांवर जातो, म्हणून हेडलाइट कमी पडतो असे वाटते. यावर चार फोकस चढवले तर झाडे आणखी उजळतील, बाकी काही होणार नाही.

उलट बाजूही आहे. भरलेल्या गाडीवर डिप्पर १ टक्का खाली बसवला तर रिकाम्या गाडीत तो साडेतीन टक्क्यांहून जास्त खाली जातो आणि २० मीटरवरच जमिनीला टेकतो. रात्री रिकामे परतणाऱ्याला हे चालणार नाही. ज्यांच्या गाडीत डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करण्याचे छोटे चाक आहे, त्यांनी ते रिकाम्या स्थितीत शून्यावर ठेवून वर्कशॉपमध्ये जोडणी करावी आणि भरल्यावर किती आकड्यावर आणायचे ते भिंतीवर एकदा पाहून लक्षात ठेवावे. बऱ्याच चालकांच्या गाडीत ते चाक असते आणि त्यांनी त्याला कधी हातही लावलेला नसतो. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांना आपल्या फेऱ्या पाहून ठरवावे लागते. तुम्ही भरलेले रात्री जाता आणि रिकामे दुपारी येता, त्यामुळे तुमचे सगळे दिवे भरलेल्या गाडीवरच जुळवावेत असे माझे मत आहे. उसाच्या हंगामात किंवा लग्नसराईत रात्री रिकामे फिरायची वेळ आली तर जादा दिव्यांच्या ब्रॅकेटवर दोन खुणा करून ठेवा, एक भरल्याची आणि एक रिकाम्याची. पाना लावून खुणेवर आणायला वेळ लागत नाही.

जुळवणीची पद्धत अशी. सपाट फरशी आणि समोर उभी भिंत असलेली जागा शोधा. बंद झालेला पेट्रोल पंप किंवा शाळेचे पटांगण चालते. टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा असू द्या, रोजच्या वजनाएवढे क्रेट हौद्यात असू द्या आणि चालकाच्या जागी माणूस बसलेला असू द्या. पाटे एकमेकांवर घासून अडकलेले असतात, म्हणून गाडी दोन-चार वेळा पुढे-मागे करून, हौदा दाबून मगच उभी करा. दिवा ते भिंत ८ मीटर ठेवा. प्रत्येक दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा. डिप्परचा कटऑफ त्या रेघेच्या ८ सेंटिमीटर खाली यावा, फॉगचा १६ सेंटिमीटर खाली, आणि ड्रायव्हिंग दिव्याचा सर्वांत प्रखर भाग रेघेच्या किंचित खाली. एका वेळी एकच दिवा पाहा. बाकीच्यांवर गोणपाट टाका. दोन ड्रायव्हिंग दिव्यांपैकी डावा थोडा डावीकडच्या कडेला वळवला तरी चालतो, उजवा मात्र सरळच ठेवा.

वायरिंगचे काम ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या, पण काय करून घ्यायचे ते तुम्हाला माहीत असावे. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज, दोन ५५ वॉट हॅलोजनसाठी १५ अँपिअरचा, ५०-६० वॉटच्या एलईडी जोडीसाठी १० चा. तिथून २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर रिलेच्या ३० क्रमांकाच्या पायाला, ८७ वरून तीच वायर दिव्यांना, ८५ अर्थला आणि ८६ ला हेडलाइटच्या अप्परकडून येणारा इशारा. या इशाऱ्याच्या वायरमध्येच डॅशबोर्डवरचा छोटा स्विच टाका. म्हणजे स्विच चालू असला तरी अप्पर लागल्याशिवाय जादा दिवे लागत नाहीत, आणि तुम्ही डिप्पर दिला की तेही त्याच क्षणी विझतात. हा जोड मी कधीही टाळू देत नाही. वेगळ्या स्विचवर ठेवलेले फोकस समोर गाडी आल्यावर बंद करायला घाटाच्या वळणात हात मोकळा नसतो. फॉगचा रिले मात्र वेगळा आणि पार्किंग लाइटवरून चालणारा ठेवा, कारण धुक्यात अप्पर लावायचाच नसतो.

काही गाड्यांत हेडलाइटच्या होल्डरवर पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच निगेटिव्ह जोडतो. तिथे वरची जोडणी केली तर रिले नीट चालत नाही, म्हणून आधी टेस्ट लॅम्प लावून पाहणे आवश्यक आहे. तशा गाडीत ८६ ला इग्निशनचा पॉझिटिव्ह आणि ८५ ला अप्परची वायर येते. नव्या बीएस-सिक्स गाड्यांत दिव्यांवर कंट्रोल मॉड्यूलची नजर असते. त्यांची मूळ वायर कापून जोड मारू नका, कपलरमध्ये बसणारा तयार हार्नेस घ्या. नाहीतर वॉरंटीचा वाद उद्भवतो. वायर किती जाड, हा काटकसरीचा विषय नाही. ९ अँपिअर प्रवाहाला ४ मीटरच्या ०.७५ चौरस मिलिमीटर वायरमध्ये पाऊण व्होल्टहून अधिक गळती होते, २.५ मध्ये पाव व्होल्टच. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर थिंबळ (वायरच्या टोकाची कडी) बसवा आणि वरून ग्रीस लावा. बॅटरी आणि अल्टरनेटर सुस्थितीत असतील तर हॅलोजनच्या जोडीचे ८-९ अँपिअर ते पेलतात. इंजिन बंद करून दिवे लावून ठेवू नयेत, एवढेच पथ्य.

पोलिसांचे म्हणाल तर नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे चोर्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे ते सारखेच लागू होतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ असे सांगतो की झोत इतका खाली वळवलेला असावा की दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवणार नाही. नियम १११ प्रमाणे नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. कर्नाटक पोलिसांनी जुलै २०२४ पासून डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम घेतली होती, आणि तेव्हापासून टपावरचे दिवे लांबूनच नजरेत भरतात. प्रमाणित छापाची, बंपरच्या उंचीवरची, अप्परशी जोडलेली आणि गावात-शहरात झाकण लावून ठेवलेली जोडी असेल तर हुज्जतीला जागा कमी राहते. तरी अधिकारी अधिकाऱ्यागणिक अर्थ लावतात, हे मान्य करायला हवे. तुमची गाडी मालवाहू असल्यामुळे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला जावेच लागते. दिवे घेण्याआधीच आरटीओत ब्रॅकेटचे रेखाचित्र दाखवून विचारून घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता: आधी दाबाची मोजणी आणि हेडलाइटला रिले, त्याच दिवशी क्रेट भरून भिंतीसमोर जुळवणी, आणि पुढचे आठ-दहा दिवस तसेच जाऊन पाहणे. तरीही जांबोटीच्या पुढच्या सरळ पट्ट्यांवर कमी वाटले तर रुंद झोताची एक ड्रायव्हिंग जोडी. मृगाच्या आधी खालच्या कडेला फॉगची जोडी, तीही पिवळी. आणि मागचे पाटे बसलेले असतील, म्हणजे रिकामी गाडीही मागून झुकलेली दिसत असेल, तर दिव्यांच्या पैशातून आधी पाट्यांचे काम करून घ्या, कारण ते झाल्याशिवाय केलेली जुळवणी महिनाभरही टिकत नाही. नवा ब्रॅकेट पहिल्या काही फेऱ्यांत हमखास सैल होतो. पहिल्या आठवड्यात एकदा आणि नंतर प्रत्येक ऑइल बदलीला बोल्ट आवळून, भिंतीवरच्या खुणा पुन्हा पाहाव्यात. मोजणीत दाबाचा फरक किती आला आणि भरल्यावर हौदा किती सेंटिमीटर दबला, हे दोन आकडे कळवलेत तर पुढचे मी अधिक नेमके सांगू शकेन.